ऑईल ओढायचा ६ लिटरचा हातपंप: ऑक्टाव्हियाला पुरेपूर, झेड-फोरला अर्धाच

गाडीखाली न शिरता डिपस्टिकच्या (ऑईलची पातळी मोजायच्या सळीच्या) नळीतून जुनं ऑईल ओढून काढायचा हा पंप. प्लॅस्टिकची टाकी, वर सायकलच्या पंपासारखा दांडा, एक जाड नळी आणि डिपस्टिकच्या जागी घालायची एक बारीक नळी. वीज लागत नाही. १५-२० वेळा दांडा मारला की टाकीतली हवा कमी होते आणि पुढचं ऑईल आपोआप येत राहतं.

पंप घ्यावा का, हे तुम्ही कुठल्या पंथातले यावर ठरतं. घरी काम करणारा डिझेलवाला ऑईल लवकर आणि वारंवार बदलतो. मॅन्युअलने १० हजार किलोमीटर सांगितले तरी तो ७ हजारांवर बदलून मोकळा होतो, कारण काजळी किती झपाट्याने साठते हे त्याला माहीत असतं. रोडस्टरवाल्याची (दोन सीटची, छप्पर उघडणारी) गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर धावते, तीही रविवारी. त्याला ऑईलपेक्षा सर्व्हिस बुकातल्या शिक्क्याची काळजी जास्त, कारण गाडी विकताना तोच शिक्का बघितला जातो. इंजिनाला तो सहसा हात लावत नाही. त्याची मेहनत पॉलिश, लेदर आणि छप्पर यांवर जाते.

आधी डिझेल. पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, आपल्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यात जुळवली गेलेली, या पंपासाठी अगदी योग्य. फिल्टरसकट साडेचार लिटर ऑईल, म्हणजे टाकीत सगळं मावतं. या रोटरी डिझेल-पंपाच्या इंजिनाला फोक्सवॅगन ५०५ ०० मान्यतेचं ऑईल लागतं.

काम असं करावं. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणून बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. उकळतं ऑईल प्लॅस्टिकच्या टाकीत ओढू नका, थंडगार ऑईल ओढायचा प्रयत्नही करू नका. ते बारीक नळीतून येतच नाही आणि लोक पंपाला नावं ठेवतात. आधी फिल्टरची टोपी सैल करा, म्हणजे फिल्टरच्या भांड्यातलं ऑईल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात) उतरतं. डिपस्टिक काढून तिच्या लांबीचा अंदाज घ्या आणि नळीवर चिकटपट्टीची खूण करा. नळी गुंडाळून ठेवल्यामुळे वळलेली असते. पाच मिनिटं गरम पाण्यात बुडवून सरळ करून घ्या, नाहीतर तिचं टोक चेंबरच्या तळाऐवजी भिंतीकडे वळतं आणि ऑईल मागे राहतं. तळाला टेकली की दोन-तीन मिलिमीटर वर घ्या. शेवटी गुरगुर ऐकू आली की नळी जराशी फिरवून पुन्हा तळ शोधा, दोनदा तरी.

याच इंजिनात एक जागा जपायची. डिपस्टिकच्या नळीच्या तोंडाशी असलेलं केशरी प्लॅस्टिकचं नरसाळं वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेने बिस्किटासारखं ठिसूळ होतं. बारीक नळी त्यातून रेटली की तुकडा मोडून आत पडू शकतो. म्हणून ते आधीच नखाने दाबून बघा. कडकड वाजलं तर नवं आणून मगच काम सुरू करा. फार छोटा भाग आहे, तेव्हा कंजुषी नको.

टाकीवरच्या लिटरच्या खुणांवर विसंबू नका. रिकामी टाकी वजनकाट्यावर ठेवा, मग भरलेली ठेवा. साडेचार लिटर ऑईल साधारण ३.८ किलो भरतं. वजन बरंच कमी आलं तर ऑईल आत राहिलंय, किंवा मुळातच कमी होतं. दुसरं कारण असेल तर गाडी ऑईल खातेय की गळतेय ते शोधायला हवं. १.३ मल्टिजेटवाल्यांनी (स्विफ्ट, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा) हे जास्त मनावर घ्यावं. चेंबर लहान, टायमिंग चेनचा ताण ऑईलच्या दाबावर, त्यामुळे कमी ऑईलवर चालवणं या इंजिनाला फार महागात पडतं.

आता पंपाचा मोठा दोष. ड्रेन बोल्ट (चेंबरच्या तळाचा, ऑईल सोडायचा) उघडलाच नाही तर तळाशी बसलेला गाळ आणि धातूचा कीस दिसतच नाही. दर तिसऱ्या वेळी बोल्ट उघडा, नवं वॉशर घाला. पहिल्यांदा तर पंपाने ओढून झाल्यावर मुद्दाम उघडा आणि उरलेलं ऑईल मापाच्या भांड्यात धरा. कपभर निघालं तर तुमच्या इंजिनाला पंप चालतो. ३०० मिलिलिटरच्या वर निघालं तर त्या गाडीसाठी तो विसरा. दुसऱ्या बाजूने बघितलं तर बोल्ट वारंवार उघडून, हात दाबून आवळून चेंबरचे आटे गेलेल्या गाड्या गॅरेजांत कमी नाहीत, आणि तो त्रास पंपाने नक्की टळतो.

बीएस-६ डिझेलवाल्यांना याचा आणखी एक उपयोग आहे. छोट्या शहरी फेऱ्यांत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट तुटते, जादा डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते. पंपाने अर्धा लिटर ओढून पातळी खाली आणणं सोपं आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. पातळ झालेलं ऑईल पूर्ण बदला, तेही जळल्यावर कमी राख सोडणारं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मान्यतेचंच.

रोडस्टरकडे येऊ. बीएमडब्ल्यू झेड-फोरच्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे ई८५ च्या, सुरुवातीच्या गाड्यांत एम५४ सहा-सिलिंडर इंजिन आहे. त्यात साडेसहा लिटर ऑईल मावतं आणि इथेच ६ लिटरची टाकी कमी पडते. पाच लिटर आले की टाकीत हवा सोडा, टाकी रिकामी करा, मग पुढे ओढा. अर्ध्यावर थांबायचं भान राहिलं नाही तर ऑईल पंपाच्या दांड्यापर्यंत चढतं. रोडस्टरसाठी पंप घेणार असाल तर ८ लिटरच्या वरचाच घ्या. फिल्टरची टोपी ३६ मिमीच्या पान्याने उघडते आणि २५ न्यूटन-मीटरवर आवळायची असते. टोपीची मोठी ओ-रिंग बदलताना दांडीवरच्या छोट्या रिंगाही बदला. बीएमडब्ल्यूची एलएल-०१ मान्यता डब्यावर बघून घ्या. या इंजिनात क्रँककेसच्या वाफेतलं ऑईल परत आणणारी नळी डिपस्टिकच्या नळीला जोडलेली असते आणि जुनी झाली की ती तडकते. म्हणून आत नळी घालताना हिसके देऊ नका.

२००९ पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या ई८९ झेड-फोरला डिपस्टिकच नाही, पातळी स्क्रीनवर दिसते. तिथे नळी घालायला वाटच नाही, तेव्हा पंप परत करा.

तरी ई८५ वाल्यांनी तो ठेवावा, छपरासाठी. छप्पर घडी होऊन बसतं त्या खोबणीच्या तळाशी छपराची हायड्रॉलिक मोटर फोमच्या खोक्यात बसवलेली आहे. पाण्याच्या निचऱ्याच्या नळीत पाला-माती अडकली की पाणी तिथेच साचतं, फोम ते धरून ठेवतो आणि मोटर गंजून बंद पडते. मुंबई-कोकणातल्या पावसात हे फार लवकर घडतं. जूनच्या आधी निचरा साफ करा. पाणी साचलेलं सापडलं तर याच पंपाने, पण स्वच्छ वेगळ्या नळीने, ते ओढून घ्या.

जुनं ऑईल गटारात सोडू नका. कायद्याने तो घातक कचरा आहे. नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यात भरून, ते रीसायकलरला देणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. तारीख, किलोमीटर आणि बिलाचा फोटो जपून ठेवा. रोडस्टर विकताना शिक्क्याच्या जागी हीच नोंद दाखवता येते.