वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली!

१०,९९९ रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी, ऑफिसात, चौकीत सगळीकडे पहिला प्रश्न "किती गेले?" हाच होता आणि उत्तर ऐकल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर "एवढेच ना" उमटत होतं. टोकन २,०००. मग उरलेले ७,५००. मग कुरिअरचा 'रिफंडेबल इन्शुरन्स' म्हणून १,४९९. त्याबदल्यात हातात काय आलं, तर हातात धरायच्या जीपीएस यंत्राचं २०११ साली बाजारात आलेलं मॉडेल, वर नव्या मॉडेलचं नाव चिकटवलेलं.

"मी फौजेत आहे, बदली झालीय, घाईत विकतोय" हा प्रकार तुम्हाला ठाऊक असेलच. मलाही होता. तिथे पैसे जातात आणि वस्तू येत नाही. इथे वस्तू येते, आणि खरी मेख तीच आहे. खोकं तुमच्या दारात पोचलं, तुम्ही सही केली, की ती पोच विकणाऱ्याच्या बाजूचा पुरावा होते. पुढे कुठेही गेलात तरी समोरचा माणूस तेवढंच धरून बसतो.

यंत्र हवं होतं जिओकॅशिंगसाठी. हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवतात. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एका रात्रीत काही मीटरांवर आली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनच्या जंगलात एकाने पहिली बादली लपवली. कंपनीच्या कामाने जर्मनीत होतो तेव्हा मला हे व्यसन लागलं. तिथे गावाबाहेर पाऊल टाकलं की डबा. आपल्याकडे तुरळकच, म्हणून आम्ही काही मित्र किल्ल्यांच्या वाटांवर आपापसात लपवतो.

आणि कृपा करून "मोबाईल आहे की" म्हणू नका. जुलैत राजमाचीच्या वाटेवर धो-धो पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवून दाखवा, मग बोलू. हातातल्या जीपीएसला खरी बटणं असतात, दोन पेन्सिल सेलवर ते पंचवीस तास चालतं, मीटरभर पाण्यात अर्धा तास पडलं तरी टिकतं. शिवाय घरी फोन करायला मोबाईलची बॅटरी शिल्लक राहते. तेव्हा यंत्र घ्यायचं हा निर्णय बरोबरच होता, त्यावर मी आजही ठाम आहे.

अभ्यासही करून बसलो होतो. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स मालिकेतलं ईट्रेक्स १० स्वस्त आणि दणकट, पण कृष्णधवल, नकाशा नावालाच आणि मेमरी कार्डाला जागा नाही. ३२एक्समध्ये होकायंत्र आणि वायुदाबावर उंची सांगणारं सेन्सर, पण किंमत वर. मधलं २२एक्स मला पुरेसं होतं: रंगीत पडदा, ८ जीबी मेमरी, कार्डाची खाच, जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास उपग्रहही पकडतं. होकायंत्र नसल्याने उभं राहिलं की बाण गोंधळतो, चार पावलं चालावं लागतं. तेवढं चालतं. नवीन घ्यायचं तर वीस हजारांच्या घरात जात होतं. वापरलेल्या वस्तूंच्या साइटवर जाहिरात दिसली: ईट्रेक्स २२एक्स, "फक्त दोन ट्रेक", ९,५०० रुपये.

लोक आता मला ऐकवतात, "इतकं स्वस्त कसं वाटलं नाही?" अहो, वापरलेली वस्तू निम्म्या किमतीला जातेच. ४,००० म्हणाला असता तर मी फिरकलोही नसतो. त्याने किंमत बरोबर तिथे ठेवली होती जिथे माझ्यासारखा चार ठिकाणी भाव बघितलेला माणूस मान डोलावतो.

बोलायला गोड. "दादा, मी नाशिकचा, कळसूबाईला वापरलंय, आता बाहेर चाललोय शिकायला." हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने गेलोय म्हणाला, आणि त्या वाटेचं वर्णन बरोबर केलं. आता वाटतं, ते वर्णन ट्रेकचे व्हिडिओ बघूनही करता येतं. पण आपल्या वाटांवरून फिरणाऱ्या माणसावर आपला विश्वास बसतो, त्याला काय करणार. फोटो पाठवले चार. चारही फोटोंत यंत्र डाव्या हातात, मनगटाला काळा दोरा आणि अंगठा नेमका मॉडेलचं नाव छापलेल्या जागी.

तेही सोडा. खरा क्षण पुढचा आहे आणि तो मला रात्री झोपू देत नाही.

मी त्याला सेटअपमधलं 'अबाउट'चं पान उघडून फोटो मागितला. त्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि यंत्राचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे युनिट आयडी, असतो. म्हणजे प्रश्न योग्यच विचारला होता, हे नोंदवून ठेवा. त्याने फोटो पाठवला, क्रमांकाच्या जागी जाड काळी रेघ मारलेली. खाली मेसेज: "आयएमईआय झाकलाय सर, मिसयूज होतो."

आयएमईआय! जो क्रमांक मोबाईलला असतो, सिमकार्डाच्या जाळ्यावर चालणाऱ्या उपकरणाला असतो. हातातल्या साध्या जीपीएसला सिम नाही, मग आयएमईआय कुठून येणार? हे मला त्या क्षणी माहीत होतं. मी वाचलं, हसलो आणि मनात म्हणालो, पोरगा भोळा आहे, युनिट आयडीला आयएमईआय म्हणतोय. दोन ट्रेक केलेल्या मुलाला एवढं कुठून कळणार? उलट त्याला कळत नाही म्हणूनच स्वस्तात देतोय, असं मी माझं मीच ठरवून टाकलं. आणि ७,५०० पाठवले. अर्थ सरळ होता: तो दिवसभर चोरीचे किंवा जुने मोबाईल विकणारा माणूस होता आणि हे त्याचं नेहमीचं तयार वाक्य होतं. चुकून माझ्या चॅटमध्ये चिकटवलं.

(कुणी क्रमांक झाकून पाठवला तर तिथेच थांबा. एकसलग व्हिडिओ मागा: यंत्र उघड्यावर, शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी, यंत्र बंद अवस्थेतून सुरू होताना, उपग्रहांचं पान, मग अबाउट. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. टाळाटाळ केली की समजा.)

१,४९९ चं सांगतो. पार्सल निघायच्या आधी 'कुरिअर ऑफिस'मधून फोन: इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, विमा लागेल, पोच झाल्यावर परत मिळेल. आवाज वेगळा, मागे गलबला, सगळं साग्रसंगीत. वस्तूच्या किमतीच्या मानाने रक्कम छोटी वाटते म्हणून जाते. परत मिळणारं म्हणून जे जे मागतात ते परत येत नाही, हे आता घरातल्या लहान मुलांनाही पाठ करून घेतलंय.

खोकं आलं. वरवर सगळं ठीक. सेल घातले, सुरू झालं, उपग्रहही पकडले. म्हणजे पहिला तासभर मी आनंदात होतो, हे सांगायलाही लाज वाटते. मग पडदा बघितला. अक्षरांच्या कडा दातेरी. २२एक्सचा पडदा २४० बाय ३२० ठिपक्यांचा, हा १७६ बाय २२० चा. केबल लावून संगणकाला जोडलं तर मेमरी दोन जीबीसुद्धा नाही. गार्मिन नावाच्या फोल्डरमधली उपकरणाची माहिती असलेली एक्सएमएल फाइल उघडली, त्यात स्वच्छ लिहिलेलं: ईट्रेक्स २०. कडेचं रबर नखाने उचललं तर खाली फेव्हिक्विकचा वास. सेलच्या कप्प्यात स्प्रिंगवर पांढरी बुरशी. यूएसबीवरचं रबरी झाकण फाटलेलं, म्हणजे पावसात न्यायचा प्रश्नच संपला, ज्यासाठी घेतलं होतं तोच. ईट्रेक्स २० वाईट यंत्र नाही, त्याच्या काळात उत्तम होतं. पण या अवस्थेतल्या नगाला मी दीड-दोन हजारांच्या वर दमडी दिली नसती.

त्याला कळवलं. "सॉरी दादा, चुकून भावाचा पीस गेला. पूर्ण पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका." इथे मात्र मी फसलो नाही, एवढं श्रेय मला द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, बस्स. मी नकार दिल्यावर नंबर बंद, साइटवरचं खातं गायब.

मग सुरू झाली वारी. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. फोन लगेच करा, पैसे फसवणाऱ्याच्या खात्यात असतात तोवरच काही अडवता येतं. मी त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलत वेळ घालवला आणि तेवढ्यात खातं रिकामं झालं. अडवले गेले किती? २१२ रुपये. माझ्या बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्ही स्वतः केलेत, आमचा संबंध नाही. आणि ते २१२ सोडवायचे तर पोलिसांचं पत्र किंवा कोर्टाचा आदेश आणा. २१२ रुपयांसाठी कोर्ट!

चौकीतला संवाद जसाच्या तसा देतो.

"वस्तू मिळाली ना?"

"मिळाली, पण दुसरी."

"मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला झाला."

मी म्हटलं, साहेब, खोटं सांगून पैसे उकळणं म्हणजे फसवणूकच, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. तर म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" मग यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "हे गाडीला लावतात ते?" मी समजावलं. डोंगरात डबे शोधतो म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला आणि संशय आला. "डबे लपवता? कशाचे? परवानगी घेता का?" पुढे "सॅटेलाईट" शब्द माझ्या तोंडून गेला आणि दुसरे एक जण खुर्ची ओढून जवळ आले. सॅटेलाईट फोनला बंदी आहे, माहीत आहे का म्हणाले. माझं यंत्र फक्त सिग्नल ऐकतं, पाठवत काहीच नाही, हे पटवून देण्यात माझा दिवस गेला. तक्रार करायला गेलो आणि स्वतःचाच जबाब देऊन आलो. शेवटी म्हणाले, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले रक्कम छोटी आहे, स्थानिक चौकीत जा.

(यातली एक गोष्ट मात्र खरी आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी इनरीचसारखी उपकरणं परवान्याशिवाय आपल्याकडे बेकायदा आहेत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यावरून अडवलं गेलंय. परदेशातून कुणी 'चांगला जीपीएस आणतो' म्हणालं तर आधी मॉडेल विचारा.)

ग्राहक आयोगाकडे जावं म्हटलं. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही हे वाचलं होतं. तिथे कळलं की आपली जुनी वस्तू विकणारा खाजगी माणूस व्यापारी धरत नाहीत. तो धंदाच करतो हे सिद्ध करा. कसं करू? नाव खोटं, पत्ता खोटा. कुरिअरवाल्यांनी सांगितलं, आम्ही बंद खोकं घेतो, बंद खोकं देतो. साइटवाल्यांनी सांगितलं, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो. प्रत्येकाचा नियम बरोबर आणि पैसे माझे गेले.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, कुरिअरचं लेबल दिसेल असा, मध्ये न थांबवता. माझ्याकडे तो नव्हता. असता तरी चौकीत उपयोग झाला असता याची खात्री देत नाही. शक्य असेल तर समोरासमोरच घ्या, आणि केबल व लॅपटॉप सोबत न्या. ती एक्सएमएल फाइल बाहेरून स्टिकर लावून बदलत नाही. बजेट खरंच कमी असेल तर नवीन, साधं, कृष्णधवल मॉडेल बिलासकट घ्या. डबा शोधायला रंग लागत नाहीत.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली, या वेळी कोल्हापूरच्या नावाने. चार फोटो तेच, काळा दोरा तोच, किंमत ८,८००. मी 'फसवणूक' असा पर्याय निवडून साइटवर कळवलं, तक्रार क्रमांकही जोडला. संध्याकाळी उत्तर आलं: तपासणी केली, नियमभंग आढळला नाही.