मॅडिसनची दोन विधानभवनं, दोन पोस्टकार्डं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तिथल्या जुन्या विधानभवनाचं 1907 पूर्वीचं कार्ड घ्यावं, की नव्याचं 1930-40 च्या दशकांतलं, कापडासारख्या पोताचं 'लिनन' कार्ड?

लिनन कार्ड दिसायला देखणं. आभाळ गडद निळं, व्हरमाँटच्या पांढऱ्या ग्रॅनाइटचा घुमट लखलखीत. जॉर्ज पोस्ट यांनी आखलेली ही इमारत 1906 ते 1917 या काळात उभी राहिली आणि आजही तिथेच आहे. पण छापणाऱ्यांनी रंग मनासारखे चढवलेले असतात, हे ध्यानात ठेवावं.

माझा जीव जुन्या कार्डात अडकतो. 27 फेब्रुवारी 1904 च्या पहाटे गॅसच्या दिव्याने छताने पेट घेतला आणि ते भवन बहुतांश जळालं. विम्याची मुदत त्याच्या थोडंच आधी संपू दिली होती! 1907 च्या मार्चपर्यंत तिथे कार्डाच्या मागे फक्त पत्ता लिहायची मुभा होती, त्यामुळे मजकूर चित्राच्याच कडेला दाटीवाटीने लिहिलेला सापडतो. संग्राहक त्याला डाग मानतात. मला मात्र असं लिहिलेलं कार्डच हवं असतं. एकच घ्यायचं तर हेच घ्या, कोपरे झिजलेले असले तरी.