जांबोटी रोडचे ‘जंगल टच’ फार्म प्लॉट : साईट व्हिजिट, 5 पैकी 2 स्टार

कंपनीचं नाव लिहीत नाही, खानापूरच्या पुढं असले बोर्ड आता वळणावळणाला हायत.

सर्व्हिस चांगली, खोटं कशाला बोलू. बेळगावातनं एसी गाडीनं नेऊन आणतात, परत येताना हातात कुंद्याचा डबा, कंपनीचा पोरगा पण गोड बोलतोय, मराठी कन्नड हिंदी तिन्ही फाडफाड. त्याचेच दोन स्टार.

आता बाकीचं. ब्रोशरच्या पहिल्याच पानाला गवा छापलाय, खाली ‘तुमचा नवा शेजारी’. आणि त्याच शेजाऱ्याच्या वाटेवर कंपाऊंड घालायलेत! वरच्या अंगाला नाला होता, त्यात मुरूम ओतून लेव्हल केलंय आणि कुंपणाला चर मारलाय. चराच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे अगदी काठापर्यंत आलेत, तिथं चिखल तुडवलाय आणि मग कडेकडेनं सगळे खाली भाताकडं वळलेत. पोराला दाखवलं तर म्हणतो म्हशी असतील सर. बांधावर एक मामा बसलेले, ते हसायलाच लागले. ‘म्हशी कुठल्या ओ, गवे ते. आदी नाल्याला पाणी पिऊन वरच्या वर परत जायचे, आता माझ्या भातात उतरायलेत.’ म्हणजे प्लॉटवाल्याला व्ह्यू आणि नुकसान मामाचं.

इथलं भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर. पण जनावरं काय तेवढ्यातच बसत नाहीत, बाहेरची मालकीची रानं, काजूच्या बागा, नाले ह्यातनंच त्यांचं येणंजाणं असतंय, आणि विकायला काढलंय ते नेमकं हेच. तिकडं भीमगडच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ हाय, जगात मोजक्याच ठिकाणी सापडतंय, वन्यजीव कायद्यात शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, वाघाच्या रांगेत. आणि ह्यांच्या प्लॅनमध्ये प्रत्येक रस्त्याला रात्रभर हायमास्टचे उंच दिवे. कशाला? चांदणं बघायला म्हणून लोक येणार ना तिथं?

हे प्लॉटचं एवढं पीक आलं कुठनं तर 2020 ला कर्नाटकानं जमीन सुधारणा कायद्यातली 79 ए आणि 79 बी कलमं काढली, तवापासनं शेतकरी नसलेला पण शेतजमीन घेऊ शकतोय. घ्या की, पण शेती करायला घ्या. इथं उताऱ्यावर शेती आणि नकाशात क्लब हाऊस, स्विमिंग पूल! एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, झालंय का विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये हाय सर’. वनखात्याचं काय विचारलं तर चहा आला.

कुणी जाणारच असाल तर आदी सर्व्हे नंबर मागून घ्या, ‘भूमी’ ह्या कर्नाटक सरकारच्या जमिनीच्या साईटवर उतारा काढा, मोबाईलवर सरकारचंच दिशांक हे सर्व्हे नकाशाचं ॲप टाकून जागेवर उभं राहून बघा, नाला किंवा सरकारी जमीन आत घेतली असेल तर तिथंच कळतंय. आणि टोकन द्यायच्या आदी खालच्या शेतवाल्याशी बोला, एजंट गाडीत बसलेला असताना. नुसतं जंगलच बघायचं असेल तर कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस कंपनीच्या कॅम्पला दोन दिवस राहून या, त्याला सात-बारा लागत नाही न उतारा लागत नाही.

त्यांचे फोन अजून येतात. दुसऱ्या फेजला ‘रिव्हर व्ह्यू’ हाय म्हणे, मलप्रभेच्या काठाला. सर्व्हे नंबर पाठवा म्हटलंय, त्याऐवजी गुड मॉर्निंग पाठवायलेत.