डॉलरमधल्या फीसाठी एसआयपी: निफ्टी की अमेरिकन इंडेक्स फंड?

मूल आठवी-नववीत आहे, पुढे अमेरिकेत पाठवायचा विचार आहे, तर एसआयपी निफ्टीत ठेवू की एस अँड पी 500 (अमेरिकेतल्या 500 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) च्या फंडात, असं बरेच जण विचारतात. दोन्हीचे रिटर्न सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे मी रुपयाबद्दलच बोलतो, कारण फी डॉलरमध्ये भरायचीये.

निफ्टी फंड मलाही आवडतो. खर्च कमी, पैसे कधीही टाका, कधीही काढा. पण आपला बाजार जोरात पडतो तेव्हा बहुतेक वेळा परदेशी संस्था विकत असतात, आणि विकून आलेले रुपये देऊन त्या डॉलर घेतात, म्हणजे शेअर आणि रुपया एकदमच खाली. मार्च 2020 मध्ये त्यांनी साधारण 62 हजार कोटींचे शेअर विकले. 23 तारखेला निफ्टी 13 टक्के आपटला आणि जानेवारीत 71 च्या आसपास असलेला डॉलर 76 च्या वर गेला. त्याच सुमारास भाच्याला तिकडे घरभाड्याचे पैसे पाठवायचे होते. युनिट विकले पडलेल्या एनएव्हीला (म्हणजे युनिटच्या भावाला), पैसे खात्यात यायला मध्ये दोन-तीन दिवस, आणि मग बँकेच्या स्क्रीनवर दिसला तो रेट पेपरातल्या रेटपेक्षाही वर, त्यावर जीएसटी वेगळा.

हेही एकवेळ चाललं असतं. मला खटकलं ते पुढचं. त्यानंतरच्या वर्षभरात परदेशी पैसा धो-धो आला, निफ्टी 7,610 वरून जवळपास दुप्पट झाला, आणि डॉलर? 76 वरून 73 च्या आसपास, बस. येणारे डॉलर रिझर्व्ह बँक उचलून गंगाजळीत टाकत होती. देशासाठी ते योग्यच, पण आपल्यासारख्याला पडताना दोन्हीकडून फटका आणि चढताना रुपयाची साथ जेमतेम.

याउलट 2022 बघा. एस अँड पी डॉलरमध्ये 19 टक्के पडला, पण डॉलर 74 वरून 82-83 ला गेल्यामुळे रुपयात नुकसान साधारण 10 टक्केच झालं. नेहमी असंच होईल असं नाही हं. 2007 मध्ये सेन्सेक्स 47 टक्के वाढला आणि डॉलर 44 वरून 39 वर आला, त्या वर्षी निफ्टीवाला दोन्हीकडून फायद्यात होता.

अमेरिकन फंडाचा वैताग वेगळा. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशी गुंतवणुकीची 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ती भरत आली की फंड नवीन पैसे घेणं थांबवतात, 2022 च्या सुरुवातीला तसंच झालं. तरी रिटायरमेंटचे पैसे निफ्टीत आणि फीचे बहुतेक पैसे तिकडे, असं मी ठेवलंय. तुमचा खर्च रुपयातच असेल तर हा खटाटोप नको. आणि फंड बंद आहे म्हणून ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) घेणार असाल तर आधी आयएनएव्ही, म्हणजे त्या क्षणाला त्यातल्या शेअरांची खरी किंमत, बघा, मागणी वाढली की ईटीएफ त्यापेक्षा बराच चढ्या भावाने मिळतो.