गाडीच्या तळाचा आटे गेलेला स्टड : मिरजोळे एमआयडीसीतील एका गॅरेजचा अनुभव

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो, त्यामुळे येथील गाड्यांचा तळ लवकर गंजतो. त्यातही तळाच्या पत्र्याला वेल्ड केलेले बारीक स्टड (नट बसवण्यासाठी आटे पाडलेले दांडे) सर्वांत आधी जातात. माझ्या गाडीत सायलेन्सरवरच्या हीट शील्डचा नट असाच गंजून बसला होता. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये तो हवेच्या गनने जोर लावून काढला गेला, तेव्हा नटाबरोबर स्टडचे आटेही निघाले आणि शील्ड तारेने बांधून गाडी परत मिळाली. सायलेन्सरची धग तळाचा पत्रा, वायरिंग आणि पेट्रोलची टाकी यांच्यापासून दूर ठेवण्याचे काम शील्ड करते, म्हणून तारेवर भागवणे मला मान्य नव्हते.

मिरजोळे एमआयडीसीतील या लहान गॅरेजमध्ये मिस्त्रींनी आधी वायर ब्रशने स्टड साफ केला, गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ जाऊ दिला आणि एम-६ ची डाय (६ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर आटे पाडायचे हत्यार) फिरवून पाहिली. बुडाशी ती धरली, पण टोकाकडे नुसतीच फिरली. आता एम-५ चे आटे पाडता येतील का, हे पाहण्यासाठी त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. एम-६ स्टडचे आटे पूर्ण गेले, तरी आतला गाभा सुमारे ४.८ मिलिमीटर उरायला हवा. येथे मधल्या भागात ४.३ भरले. गंजाने गाभाच खाल्लेला असल्याने त्यावर बारीक आटे पाडले, तरी ते टिकणार नाहीत, असे त्यांनी मला गाडीखाली बोलावून दाखवले. मापाशिवाय पुढचे पाऊल न टाकण्याची ही पद्धत मला या गॅरेजची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

नवा स्टड वेल्ड करणे हा पर्याय त्यांनी स्वतःहून नाकारला. टाकी जवळ, वरच्या बाजूस कार्पेट आणि फोम. टाकी उतरवल्याशिवाय तेथे ठिणगी पाडणे धोक्याचे, आणि वेल्डिंगने जळलेला रंग आतून पुन्हा न लावल्यास तेथूनच गंज सुरू होतो. त्याऐवजी त्यांनी रिव्हेट नट, म्हणजे पत्र्याच्या भोकात एकाच बाजूने दाबून पक्का करायचा नट, बसवला. आधी कार्पेट उचलून मागे वायर नसल्याची खात्री केली, जुना स्टड ग्राइंडरने सपाट केला आणि ९ मिलिमीटरचे भोक पाडले. भोकाच्या कडांना झिंक प्रायमर लावला, तो वाळू दिला आणि मगच सीलंटसह जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी नट दाबून बसवला. ॲल्युमिनियमचा नट स्वस्त आणि दाबायला सोपा असतो, पण खाऱ्या हवेत पोलादी पत्र्याला लागून तो लवकर खराब होतो, म्हणून मिस्त्री तो वापरत नाहीत. शील्डचे भोकही झिजून मोठे झाले होते, त्यासाठी रुंद वॉशर टाकला आणि बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट गंजून अडकू नये म्हणून लावायचे वंगण) लावून तो हातानेच बेताने कसला, कारण जास्त जोर दिला तर रिव्हेट नट पत्र्यात जागच्या जागी फिरू लागतो.

टाकीच्या पट्ट्याचा किंवा सस्पेन्शनचा स्टड गेला असेल, तर मात्र हा उपाय करणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि ते योग्यच आहे; रिव्हेट नट शील्ड, प्लास्टिक कव्हर, पाइपची क्लिप अशा हलक्या भारासाठी ठीक असतो.

एकूण ६५० रुपये झाले, पण बिलात सगळे एकाच ओळीत लिहिले होते. साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवायला हवी. गंज रोखण्यासाठी तळाला मारलेले काळे कोटिंग शेजारच्या बोल्टांच्या डोक्यांवरही बसले आहे, ते पुढच्या वेळी खरवडावे लागेल. येथे गाडी उचलायची लिफ्ट नाही, खाली उतरून काम करायचा पिट आहे, आणि भर पावसात तळ कोरडा राहत नसल्याने प्रायमर व सीलंट नीट धरत नाहीत. घाई नसेल, तर असे काम दसऱ्यानंतर किंवा मृगाच्या आधी करून घ्यावे.