सेर्किओ खोरं: लुक्काहून सुटणारी छोटी ट्रेन आणि फार्रोचं सूप

टस्कनी म्हटलं की आपल्याकडची मंडळी फ्लोरेन्स, पिसाचा मनोरा, फार तर सिएना करतात आणि पुढे रोमला पळतात. वाटेत लुक्का लागतं, पण तिथून उत्तरेला डोंगरात जाणारी ट्रेन पकडायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. आम्ही आई-बाबांना घेऊन ती पकडली, सेर्किओ नदीच्या खोऱ्यात मुक्काम केला, आणि इटलीत आईबाबा सगळ्यात खूश कुठे होते विचाराल तर इथेच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कशाचा कापला ते सांगते पुढे.

आधी ट्रेन. लुक्का ते आउल्ला अशी ही सिंगल ट्रॅकची लाइन आहे, वर विजेच्या तारा नाहीत, छोटी डिझेल गाडी. एका बाजूला आपुआन आल्प्स, दुसऱ्या बाजूला अपेनाइन्स या डोंगररांगा आणि मधून नदी, गाडी बराच वेळ नदीच्या अगदी कडेकडेने जाते. पूर्ण लाइन जोडली जायला 1959 उजाडलं, कारण मध्ये महायुद्ध झालं आणि दोन्ही बाजू जोडायला डोंगराखालून साडेसात किलोमीटरचा लुपाचिनो बोगदा करावा लागला. तिकीट साध्या रिजनल गाडीचं, त्यामुळे आधीपासून बुकिंगची भानगड नाही, फक्त कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये छापून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. गाड्या मुंबई लोकलसारख्या दर पाच मिनिटांनी नाहीत, एक चुकली की बराच वेळ थांबायचं, आणि रविवारी तर टाइमटेबल बघूनच प्लॅन करा.

पहिला स्टॉप बोर्गो आ मोत्सानो. इथे सेर्किओवर पोंते देल्ला माद्दालेना आहे, सगळे सैतानाचा पूलच म्हणतात. मध्ययुगातला दगडी पूल, कमानी एकसारख्या नाहीत, एक भलीमोठी आणि बाकीच्या लहान होत गेलेल्या, त्यामुळे पूल मधेच उंटाच्या पाठीसारखा वर उचललेला. गोष्ट अशी सांगतात की बांधणाऱ्याला काम वेळेत जमेना, सैतानाने एका रात्रीत करून दिलं, मोबदला काय तर पूल ओलांडणारा पहिला जीव, मग गावकऱ्यांनी पहिल्यांदा कुत्र्यालाच पाठवलं. चढ चांगलाच आहे आणि पाऊस पडून गेला असेल तर दगड निसरडे होतात, बाबांचा हात धरूनच गेलो, पण वर उभं राहून खाली संथ हिरवं पाणी बघताना ते तिथून हलायलाच तयार नव्हते. रेल्वे आली तेव्हा याच पुलाला टोकाशी एक जादा कमान काढून ट्रॅक खालून नेला, ते नीट बघा.

पुढचं गाव बार्गा, ते स्टेशनपासून बरंच वर आहे, चालत जायचा विचार करू नका, बस किंवा टॅक्सी घ्या. जुनं गाव चढत चढत थेट माथ्यावरच्या कॅथेड्रलपाशी संपतं आणि तिथून समोर आपुआनचे सुळके दिसतात, त्यात मोंते फोरातो म्हणजे डोंगराला चक्क आरपार भोक आहे, वर्षातल्या ठरावीक दिवशी सूर्य डोंगरामागे जाऊन त्या भोकातून पुन्हा दिसतो. इथले कितीतरी लोक पोटासाठी स्कॉटलंडला गेले, आइसक्रीम आणि फिश अँड चिप्सची दुकानं काढली, त्यांची मुलं-नातवंडं अजून उन्हाळ्यात येतात, म्हणून इंग्लिश बोलणारं कुणीतरी भेटतंच. जवळच कास्तेलवेक्कियोला कवी जोव्हान्नी पास्कोली यांचं घर आहे, कवितेची आवड असेल तर जा.

मुक्काम मात्र कास्तेलनुओवोलाच करा. गार्फान्याना म्हणजे या खोऱ्याचा वरचा भाग, त्याचं हे मुख्य गाव, इथल्या किल्ल्यात कवी लुदोविको आरिओस्तो 1522 ते 1525 गव्हर्नर म्हणून राहिला होता, तेव्हा हा डोंगर दरोडेखोरांनी भरलेला होता आणि बिचाऱ्याला त्यांच्यामागे धावावं लागलं. गुरुवारी बाजार भरतो, जमलं तर तो दिवस धरा.

आता खाणं, ज्यासाठी खरं तर हे लिहितेय. पहिल्याच संध्याकाळी फार्रोचं सूप मागवलं, बोर्लोत्ती बीन्स शिजवून घोटलेले, त्यात अख्खे गव्हासारखे दाणे, वरून कच्च्या ऑलिव्ह ऑइलची धार. आईने एक चमचा खाल्ला, दाणा जिभेवर फिरवला आणि म्हणाली अगं ही खपली आहे! आणि खरंच तीच, फार्रो म्हणजे एमर गहू, आपली खपली त्याच जातीची. आपल्याकडे जिची खीर करतात तीच इथे बीन्सबरोबर सूपात. शिजल्यावरही दाणा दाताखाली टच्च राहतो, लगदा होत नाही. 1996 पासून गार्फान्यानाच्या फार्रोला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे, पाकिटावर आयजीपी लिहिलेलं बघून घ्या. आई तर मालकीणबाईंशी हातवारे करून किती पाणी किती वेळ हे सगळं विचारून आली, भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती तरी.

व्हेज लोकांनी इथे लक्ष द्या, माझा अर्धा मार्क इथेच गेला. एका जागी मांस नको सांगूनही सूपात पॅन्चेत्ताचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे निघाले. सुरुवातीच्या फोडणीत ते घालायची पद्धतच आहे, त्यामुळे नुसतं मीट नको म्हणून भागत नाही, पॅन्चेत्ता, लार्दो, प्रोशुत्तो अशी डुकराच्या मांसाची नावं घेऊन नको म्हणा. बिरोल्दो नावाचं सॉसेज रक्ताचं असतं, ज्यांना चालतं ते आवडीने खातात. चीजमध्ये बहुतेकदा प्राण्याचं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) असतं, कडक पाळणाऱ्यांनी ते धरून चाला.

नेच्ची चुकवू नका! चेस्टनटच्या पिठाचं पाणी घालून सरबरीत भिजवण, लांब दांड्यांच्या दोन लोखंडी तव्या विस्तवावर लालभडक तापवायच्या, एकीवर पळीभर पीठ आणि दुसरी वर दाबायची, मिनिटात उलटवलं की झालं. रंग नाचणीच्या घावनासारखा, कडा कुरकुरीत, आत ताजा रिकोत्ता घालून गुंडाळून हातात देतात. साखर अजिबात नसते तरी गोड लागतं, आणि मागून येणारी धुराची चव पिठातूनच येते. चेस्टनट मेतातो नावाच्या दगडी खोपटात माळ्यावर पसरून खाली मंद विस्तव ठेवून महिना-सव्वा महिना वाळवतात, मग सोलून दळतात. साधा गहू फारसा न पिकणाऱ्या या डोंगरात पिढ्यान् पिढ्या लोक याच पिठावर जगले, आज तेच पीठ महाग विकलं जातं याचा मला आनंदच वाटला, कारण त्यामुळे अजून कुणीतरी ते खोपट पेटवतंय.

दुपारी साधारण अडीचनंतर किचन बंद आणि दुकानंही, संध्याकाळी साडेसातशिवाय जेवण नाही, बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर बॅगेत काहीतरी ठेवा. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी थोडे पैसे लागतात, ते बहुतेक ठिकाणी असतं, भांडू नका. उन्हाळ्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, चेस्टनट गळत असतात, फक्त नवीन पीठ डिसेंबरच्या आसपास येतं. पीठ घेतलंत तर घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये टाका, लवकर कीड लागते. फार्रो घेताना पॉलिश केलेला पेर्लातो घ्या, रात्रभर भिजवावा लागत नाही, आणि परतताना पुन्हा लुक्काला न येता तीच गाडी आउल्लापर्यंत धरा, तिथून ला स्पेत्सिया शहर आणि चिंक्वे तेर्रे ही समुद्रकाठची पाच गावं जवळच आहेत.