अँडरसन लिजन की मणक्याचा टीबी?

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या (कणा हळूहळू जखडत नेणाऱ्या संधिवाताच्या) जुन्या पेशंटच्या एमआरआयमध्ये चकती आणि दोन्ही बाजूंचे मणके खाल्ल्यासारखे दिसले, की आपल्याकडे आधी टीबीची शंका येते. तशी यायलाही हवी. पण याच आजारात होणारी, १९३७ साली अँडरसनने वर्णन केलेली जखमही (अँडरसन लिजन) अशीच दिसते.

फरक पहिल्यांदा दुखण्यात कळतो. स्पाँडिलायटिसचं नेहमीचं दुखणं पहाटे जास्त असतं आणि हालचालीने सैल होतं. अँडरसन लिजनमध्ये बहुधा उलटं: उभं राहिलं, चाललं की कळ, आडवं पडलं की आराम. कारण जखडलेला कणा बांबूसारखा एकसंध झालेला असतो. तो एका जागी, बहुतेक वेळा छातीचा आणि कंबरेचा कणा जुळतो तिथे, तडकतो आणि सगळी हालचाल तिथेच होत राहते. सीटी स्कॅनमध्ये ही चीर अनेकदा मणक्याच्या मागच्या भागातूनही आरपार गेलेली दिसते.

टीबीत मागचा भाग सहसा वाचतो, पण मणक्याशेजारी मोठा पू साठतो. संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन असेलच असं नाही. स्पाँडिलायटिससाठी बायोलॉजिक इंजेक्शनं चालू असतील तर टीबीचा संशय आणखी पक्का धरावा, कारण त्यातली टीएनएफ (शरीरातलं दाह वाढवणारं प्रथिन) रोखणारी औषधं दबलेला टीबी जागा करतात.

शंका उरली तर बायोप्सी, सोबत जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं). नुसत्या अंदाजावर वर्षभर टीबीच्या गोळ्या देणं मला पटत नाही. अँडरसनची चीर असेल तर पट्टा, विश्रांती, आणि कणा अस्थिर असेल किंवा पायांत बधिरपणा आला तर स्क्रू-रॉडची शस्त्रक्रिया लागते.